किती टक्के झालं?

महिन्यातला दुसरा मंगळवार पाळणारी एक जमात हिंजवडी, खराडी, मगरपट्टा या भागात राहते. बाकीच्यांची अंगारकी वर्षातून दोन-तीनदा येते, यांची दर महिन्याला. २००३ सालच्या ऑक्टोबरपासून मायक्रोसॉफ्ट आपल्या सॉफ्टवेअरला पडलेल्या भोकांची ठिगळं याच दिवशी वाटते. वेळ सकाळी दहाची, पण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात आणि तिकडे हिवाळा असला तर साडेअकरा. मग त्या रात्री, किंवा त्या पंधरवड्यातल्या एखाद्या रात्री, एक पोरगा मशीनचा चहा घेऊन बसतो, सर्व्हरांच्या नावांची टेक्स्ट फाइल उघडतो आणि स्क्रिप्ट मारतो. स्क्रिप्ट एकेका नावापाशी जाते, ठिगळ बसलं का विचारते, लागेल तिथे रीबूट करायला लावते, उत्तर टिपून पुढे सरकते. सर्व्हर न्यू जर्सीत, जागरण पुण्यात.

काम सोपं आहे. अवघड आहे तो ब्रिज. म्हणजे रात्रभर चालू राहणारा कॉल, ज्यावर अठरा माणसं गप्प बसण्याचा पगार घेतात आणि एकोणिसावा दर चार मिनिटांनी विचारतो, "किती टक्के झालं रे?"

"होतंय सर."

"होतंय ते कळलं. टक्के सांग."

किती सर्व्हर झाले, असं तो विचारत नाही. कुठला अडलाय, असंही नाही. टक्के. दहावीच्या निकालापासून आपल्याला टक्क्यांत सांगितल्याशिवाय कशाचीच खात्री पटत नाही.

या प्रश्नाची सोय मायक्रोसॉफ्टने पॉवरशेल या आपल्या स्क्रिप्टभाषेत करूनच ठेवली आहे. राइट-प्रोग्रेस नावाची आज्ञा आहे. काय चाललंय, कुणाचं चाललंय आणि किती टक्के झालं, एवढं तिला सांगायचं. मग जुन्या निळ्या खिडकीत वरच्या बाजूला मोरपंखी पट्टा उमटतो आणि त्यावर पिवळ्या रंगात इंग्रजी 'ओ' या अक्षराची रांग डावीकडून उजवीकडे वाढत जाते. टक्के काढायचं गणित शाळकरी आहे. कितवा नंबर चालू आहे, भागिले एकूण, गुणिले शंभर. पोरगा ते लिहितो, स्क्रीन शेअर करतो आणि ब्रिजवर समाधानाचा हुंकार उमटतो. गोष्टी हलताना दिसल्या की माणसं निवांत होतात. कुठल्या दिशेने हलतायत, हे नंतर बघता येतं.

या गणितात एक भाबडेपणा दडलेला आहे. प्रत्येक सर्व्हरला सारखाच वेळ लागणार, असं त्यात धरलेलं असतं. हे धरून चालणाऱ्याने सर्व्हर तर पाहिले नसावेतच, एकत्र कुटुंबही पाहिलं नसावं.

समजा, यादीत ४१२ नावं आहेत. त्यांतले ४०० सर्व्हर जिवंत आणि १२ मेलेले. मेलेले म्हणजे ज्यांचं मशीन कधीच उचलून नेलं, पण यादीतलं नाव उचलायला कुणी आलं नाही. जिवंत सर्व्हर सेकंदाभरात उत्तर देतो, म्हणजे ४०० सेकंद. सात मिनिटंसुद्धा नाहीत. आता मेलेला किती वेळ खातो ते बघा. लिनक्समधून जोडणी करायला गेलात तर वर्षानुवर्षं चालत आलेली मूळ सेटिंग अशी, की एक हाक मारायची आणि सेकंदभर थांबायचं. उत्तर नाही? पुन्हा हाक, दोन सेकंद. मग चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट. बेरीज १२७ सेकंद, म्हणजे दोन मिनिटं सात सेकंद. विंडोज त्या मानाने कमी आशावादी, ते साधारण २१ सेकंदांत नाद सोडायचं. तेव्हा लिनक्सच्या हिशेबाने बारा मेलेल्यांचे झाले १,५२४ सेकंद. पंचवीस मिनिटांच्या वर.

चारशे कामकऱ्यांना सात मिनिटं आणि बारा मेलेल्यांना पंचवीस. हा हिशेब फक्त सर्व्हरांना लागू आहे असं नाही, पण सदराची जागा मर्यादित आहे.

आता हे बारा यादीत कुठे बसलेत यावर रात्रीचं सगळं नाट्य ठरतं. नावं अक्षरक्रमाने लावलेली असतील आणि मेलेल्यांची सुरुवात 'झेड-ओल्ड'ने होत असेल (होतेच), तर पट्टी सात मिनिटांत ९७ टक्क्यांवर जाऊन उभी राहते. ब्रिजवर लोक हेडफोन काढायला लागतात. कुणीतरी "ग्रेट जॉब टीम" टाइप करून मोकळा होतो. आणि पुढची पंचवीस मिनिटं तो पिवळा 'ओ' जागचा हलत नाही.

उलट मेलेल्यांची नावं 'ए-टेस्ट'ने सुरू होत असतील तर पट्टी पंचवीस मिनिटं शून्य ते तीन टक्क्यांत घुटमळते. दहाव्या मिनिटाला मॅनेजर कॉलवर स्वतःच्या वरच्याला ओढतो, विसाव्या मिनिटाला तो वरचा त्याच्या वरच्याला. सव्विसाव्या मिनिटाला मेलेले संपतात, पट्टी सुसाट सुटते आणि उरलेले ९७ टक्के सात मिनिटांत उरकतात. वरच्यांना ओढलं म्हणून काम झालं, अशी त्या मॅनेजरची जन्मभराची समजूत होते. कितीतरी बढत्या अक्षरक्रमावर झालेल्या असाव्यात.

एखादा हौशी पोरगा याच्याही पुढे जातो आणि 'किती वेळ उरला' तेही छापतो. सूत्र सोपं, आतापर्यंत एका सर्व्हरला सरासरी जेवढा वेळ लागला, गुणिले उरलेले सर्व्हर. आपल्या उदाहरणात ४०० झाले त्या क्षणी पडद्यावर येतं, 'बाकी १२ सेकंद'. पहिला मेलेला दोन मिनिटं खाऊन जातो. आता पडदा म्हणतो, १४ सेकंद. दुसरा जातो, १६ सेकंद. तिसऱ्याला १७, चौथ्यानंतर १८. काम होत जातंय तसा उरलेला वेळ वाढत जातोय आणि सूत्रात एक अक्षराची चूक नाही. खरं तर तेव्हा सतरा मिनिटं बाकी असतात.

ब्रिजवरचा एकोणिसावा विचारतो, "अरे, मघाशी बारा होते ना?"

याला पोरगा काय उत्तर देणार? सरासरी म्हणजे काय, हे मध्यरात्री समजावायची गोष्ट नव्हे.

विंडोजमध्ये फाइल कॉपी करताना 'दोन मिनिटं बाकी'ची 'एकोणीस तास बाकी' आणि मग पुन्हा 'पाच सेकंद' होताना ज्यांनी पाहिलंय, त्यांना हा खेळ ओळखीचा आहे. मायक्रोसॉफ्टच्याच रेमंड चेनने २००४ साली याचा खुलासा प्रांजळपणे लिहून टाकला. त्याचा मथितार्थ असा, की ते बिचारं अंदाज बांधतंय. भविष्य दिसत नसताना सांगायची सक्ती केलीय त्याच्यावर. अशी सक्ती झालेल्या माणसांना आपल्याकडे हवामान खातं म्हणतात आणि त्यांच्यावर हसतात. खिडकीतल्या पट्टीवर मात्र श्रद्धा ठेवतात.

मेलेल्यांतही जाती आहेत, त्याही सांगायला हव्यात. मशीन चालू आहे, पण ज्या दाराने जायचं ते दार चालवणारा प्रोग्रॅम बंद आहे, असं असेल तर सर्व्हर तत्काळ सांगतो, 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. सरळ तोंडावर नकार. काही मिलिसेकंदांत विषय संपतो आणि स्क्रिप्ट पुढे जाते. हा सज्जन माणूस. दुसरा प्रकार फायरवॉलचा. तिला दोन गोष्टी करता येतात. आलेलं पॅकेट नाकारून तसं कळवायचं, किंवा काहीच न बोलता गिळून टाकायचं. सिक्युरिटीवाल्यांचा ओढा गिळण्याकडे, कारण नकार दिला तरी चोराला कळतं की घरात कुणीतरी आहे. तर्क बरोबर आहे. पण चोर महिन्यातून एकदा येतो की नाही कोण जाणे, आमचा पोरगा नक्की येतो, आणि दर वेळी १२७ सेकंद दारात उभा राहतो. 'नाही' म्हणून टाकणाऱ्यापेक्षा काहीच न बोलणाऱ्याने माणसाचा जास्त वेळ खाल्ला, हा अनुभव उधारी मागायला गेलेल्या प्रत्येकाला आहे.

तेव्हा पट्टी रंगवण्याआधी टाइमआउट लावायचा. सर्व्हरवर दुरून शिरायच्या एसएसएचला कनेक्ट-टाइमआउट असा पर्याय आहे, तिथे पाच सेकंद लिहा. बारा पाचे साठ, पंचवीस मिनिटांचं झालं एक मिनिट. किंवा आधी एक झटपट फेरी मारून कोण बोलतंय तेवढं बघायचं आणि मुक्यांची नावं बाजूला काढायची. इतकं केलं की सगळं काम आठ मिनिटांच्या आत येतं आणि आठ मिनिटांच्या कामाला पट्टी कशाला लागते? पण टाइमआउट दिसत नाही आणि पट्टी दिसते. न दिसणाऱ्या गोष्टीसाठी अप्रेझलमध्ये रकाना नसतो.

९७ टक्क्यांवर अडकण्याचा हा रोग नवा नाही. बेल लॅब्जच्या टॉम कारगिलने त्याचं निदान कधीच करून ठेवलंय. प्रोग्रॅमचा पहिला ९० टक्के भाग लिहायला ठरलेल्यातला ९० टक्के वेळ जातो आणि उरलेल्या १० टक्क्यांना आणखी ९० टक्के वेळ लागतो. जॉन बेंटलीने १९८५ मध्ये हे आपल्या सदरात छापलं आणि तेव्हापासून ते जगभर फिरतंय. (सदरं वाचतात लोक, हे संपादकांच्या माहितीसाठी.) बेरीज १८० होते, यावर कुठल्याच प्रोजेक्ट मॅनेजरने आजवर हरकत घेतलेली नाही. राइट-प्रोग्रेसला मात्र १०० च्या वर एक टक्का दिलात की ती लाल अक्षरांत भांडते, १०१ चालणार नाही म्हणून. मोजणारा आकडा चुकून दोनदा वाढला की हे होतं. उद्दिष्टाच्या ११० टक्के वृक्षलागवड करणाऱ्यांनी हे सॉफ्टवेअर वापरू नये.

१९८५ हे साल टक्क्यांना एकूण मानवलेलं दिसतं. त्याच वर्षी टोरांटोत पीएचडी करणाऱ्या ब्रॅड मायर्सने एका परिषदेत निबंध वाचला. पडद्यावर 'एवढं झालं, एवढं उरलं' दाखवलं की लोकांना ते आवडतं आणि वाट बघणं सुसह्य होतं, असा त्याचा सूर. त्यानंतर पंचवीस वर्षांनी, २०१० मध्ये, कार्नेगी मेलनच्या ख्रिस हॅरिसन आणि मंडळींनी आणखी पुढची मजल मारली. पट्टीवर तिरके पट्टे काढायचे आणि ते उलटे, म्हणजे मागच्या दिशेने सरकवायचे. मग माणसाला काम सुमारे ११ टक्के लवकर झाल्यासारखं वाटतं. काम तेवढंच, वेळ तेवढाच, घड्याळ तेच. फक्त पट्टे मागे धावतायत म्हणून पट्टी पुढे पळतेय असा भास.

यावरून पट्टी कुणासाठी असते, हे एकदा स्पष्ट झालं. ती कामासाठी नसते. बघणाऱ्यासाठी असते.

बरं, बघणाऱ्याची हौस फुकट भागत नाही. २०१६ साली एनपीएम या जावास्क्रिप्टवाल्यांच्या रोजच्या हत्याराबद्दल कुणीतरी सहज दाखवून दिलं, की त्याची प्रगतीची पट्टी बंद केली तर इन्स्टॉल जवळपास निम्म्या वेळात होतं. म्हणजे निम्मा वेळ यंत्र काम करत होतं आणि निम्मा वेळ काम करत असल्याचं चित्र काढत होतं. नंतर त्यांनी ते सुधारलं. जुन्या विंडोज पॉवरशेलमध्ये इंटरनेटवरून मोठी फाइल उतरवतानाही हेच. आलेल्या प्रत्येक तुकड्यागणिक पट्टी नव्याने रंगवायची, त्यात डाउनलोड रखडायचं. उपाय एका ओळीचा. प्रोग्रेस-प्रेफरन्स या व्हेरिएबलमध्ये 'सायलेंटली कंटिन्यू' लिहायचं. गप्प बसून काम चालू ठेव. ही ओळ टाकली की डाउनलोड कितीतरी पटींनी सुटतं. नाकापेक्षा मोती जड झाला की मोती काढून ठेवावा, हे घरात कळतं, ऑफिसात ओळ शोधून लिहावी लागते. पॉवरशेल ७.२ पासून तो मोरपंखी पट्टा जाऊन एका ओळीची सुटसुटीत पट्टी आली, हीही तशी उपरतीच.

जुन्या युनिक्सवाल्यांचं धोरण याच्या अगदी उलट होतं. बोलायचंच नाही. डीडी नावाची आज्ञा अख्खी डिस्क इकडून तिकडे ओतते, तासन् तास लागतात, आणि ती चकार शब्द काढत नाही. चालू आहे की मेली, हे बघायचं तर दुसरी खिडकी उघडून तिला यूएसआर-१ नावाचा सिग्नल पाठवायचा. मग ती नाखुशीने सांगते, एवढे बाइट झाले. २०१५ मध्ये ग्नूच्या, म्हणजे लिनक्सवरच्या, डीडीला स्वतःहून प्रगती सांगायचा पर्याय मिळाला, तोवर हे असंच चाललं. यातली गंमत पुढे आहे. हा सिग्नल ज्या प्रोग्रॅमला माहीत नाही, त्याला तो पाठवला तर ठरलेल्या नियमाने तो प्रोग्रॅम जागच्या जागी मरतो. 'कितपत आलंय?' एवढंच विचारायला गेलात आणि चार तासांचं काम गेलं. युनिक्सच्याच बीएसडी शाखेवाल्यांनी यासाठी कंट्रोल-टीची वेगळी सोय केली, तिथे प्रश्न समजला नाही तर प्रोग्रॅम दुर्लक्ष करून काम चालू ठेवतो. कुठल्या ऑफिसात लिनक्स चालतं आणि कुठल्यात बीएसडी, हे माणसांच्या बाबतीतही ओळखता येतं.

मग कुणीतरी ब्रिजवर म्हणतो, एकामागून एक कशाला, एकदम करा ना! बरोबर आहे. पॉवरशेल ७ मध्ये फॉरईचला 'पॅरलल' जोडता येतं, ढीगभर सर्व्हर एकदम हाकणारं अॅन्सिबल तर जन्मतःच तसं. पण दोघांचीही मूळ मर्यादा एका वेळी पाच. यादीच्या सुरुवातीला पाच मेलेले एकदम लागले की पाचही जागा त्यांनी अडवल्या, मागचे चारशे ताटकळत. अॅन्सिबलची नेहमीची चाल तर आणखी समतावादी आहे. पहिली पायरी सगळ्यांची झाल्याशिवाय दुसऱ्या पायरीला कुणीच हात लावायचा नाही. जो सगळ्यांत हळू, त्याच्या चालीने वरात. ('फ्री' नावाची दुसरी चाल असते. ती कुणी लावत नाही, कारण मग पडद्यावरच्या ओळी पुढेमागे होतात आणि ब्रिजवर गोंधळ उडतो.) शिवाय एकदम चालवलं की 'कितवा नंबर चालू आहे' या गणिताचं दिवाळं निघतं. सुरू झालेले मोजायचे की संपलेले? बहुतेक स्क्रिप्टा सुरू झालेले मोजतात. भूमिपूजनालाच प्रकल्प धरायचा, ही आपली रीत तिथेही पोचली.

अॅन्सिबलची एक गोष्ट मात्र मनापासून आवडते. ते टक्के सांगत नाही. शेवटी प्रत्येक सर्व्हरच्या नावापुढे आकडे मांडतं. किती ठीक, किती बदलले, किती नापास, आणि 'अनरीचेबल' किती. नापास वेगळा आणि न भेटलेला वेगळा. पट्टीत हे दोघंही 'झाले' यातच जमा असतात. १०० टक्के झालं याचा अर्थ ४१२ दारं वाजवून झाली, इतकाच. आत कोण होतं, कोण नव्हतं, कुणी शिव्या दिल्या, हे पट्टीला ठाऊक नाही. पल्स पोलिओची टीमसुद्धा दारावर खडूने खूण करते आणि मूल घरी नसेल तर खूण वेगळी असते.

तेव्हा पोरांनी छापावं ते असं. दर सर्व्हरला एक ओळ. वेळ, कितवा, किती पैकी, नाव, निकाल. '२३:५२, ४१२ पैकी १३८, अमुक सर्व्हर, ठीक, ०.९ सेकंद'. आणि नाव कामाला हात लावण्याआधी छापायचं, नंतर नाही. ही बारीक गोष्ट आहे, पण सगळा जीव तिच्यात आहे. काम झाल्यावर नाव छापलं तर अडकलेल्या क्षणी पडद्यावर दिसतं ते शेवटच्या सरळ माणसाचं नाव, आणि सगळे त्याच्यावर तुटून पडतात. अडकवणारा पुढचा असतो. त्याचं नाव अजून आलेलंच नसतं.

दुसरं, ही ओळ फाइलमध्ये जायला हवी. पट्टी खिडकीत राहते, खिडकी लॅपटॉपमध्ये, लॅपटॉप व्हीपीएनवर आणि व्हीपीएन पावसाच्या मर्जीवर. दोनशेव्या सर्व्हरला लाइट गेली की त्या मोरपंखी पट्ट्याचं नामोनिशाण उरत नाही. मग पहाटे प्रश्न पडतो, कुठपर्यंत आलो होतो? टक्के कुणालाही आठवतात, "अठ्ठेचाळीस होते बहुतेक". अठ्ठेचाळीस टक्क्यांपासून पुढे कशी चालवणार स्क्रिप्ट? झालेल्या नावांची फाइल असेल तर ती वजा करून उरलेल्यांवर पुन्हा मारता येते. नसेल तर पहिल्यापासून, आणि ज्यांना एकदा रीबूट केलंय त्यांना परत एकदा रीबूट. रात्री दोनला रीबूट झालेला डेटाबेस पावणेतीनला पुन्हा रीबूट झाला, की ब्रिजवरचे अठरा गप्प लोक एकदम बोलायला लागतात.

तिसरं, समोर माणूस नसेल तर पट्टी काढू नये. टर्मिनल आहे की नाही, हे स्क्रिप्टला विचारता येतं, एका ओळीत. तरीही लोक रंगीत पट्टीसकट स्क्रिप्ट क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालायला, टाकतात. पट्टी जागच्या जागी बदलते ती ओळीच्या सुरुवातीला परत जाऊन, टाइपरायटरचा गाडा उजवीकडे ढकलल्यासारखी. कागदावर, म्हणजे लॉगमध्ये, मागे जाता येत नाही. मग सकाळी लॉग उघडला की एकाच लांबलचक ओळीत शून्य टक्के, शून्य टक्के, एक टक्का, एक टक्का... आणि त्याच्या पोटात कुठेतरी खरी चूक. इंटरनेटवरून काही उतरवणारी कर्ल ही आज्ञा तर याबाबत भलतीच उत्साही. उत्तर पडद्यावर येत असेल तेव्हा ती पट्टी दाखवत नाही, फाइलमध्ये वळवलं की दाखवायला लागते. म्हणून क्रॉनमधून चालवलेल्या कर्लची प्रगती रोज पहाटे मेलने येते. कुणीतरी तो मेल वाचत असेल, तर त्याच्या प्रगतीची चिंता करायला हवी.

पण या बाबतीत माणसांना कशाला नावं ठेवा? ठिगळ लावून झालं की सर्व्हर रीबूट होतो. तेव्हा विंडोज स्वतः आपल्या पडद्यावर लिहितं, अपडेट चालू आहेत, ३० टक्के पूर्ण, कृपया बंद करू नका. हा पडदा कुठे आहे? अमेरिकेतल्या डेटा सेंटरच्या कपाटात. त्या मशीनला मॉनिटर जोडलेला नाही. खोलीत माणूस नाही, दिवे बंद. आणि तिथे ते निमूटपणे ३० चे ३५ करतंय, कृपया म्हणतंय. इकडे पुण्यात त्याच सर्व्हरच्या नावापुढे पोरगा ओळ बघतोय, 'उत्तर नाही'. खरी टक्केवारी जिथे आहे तिथे बघणारा नाही आणि बघणारे एकोणीस आहेत तिथे ती पोचत नाही. पाच सेकंदांचा टाइमआउट अशा वेळी जिवंताला मेला ठरवतो, हेही कबूल. म्हणून न भेटलेल्यांवर अर्ध्या तासाने दुसरी फेरी मारायची असते. जे रीबूट होत होते ते तोवर उठून बसलेले असतात. उरतात ते खरे बारा.

त्या बारांची यादी पोरगा सकाळी मेलने पाठवतो. विषयात लिहितो, 'कृपया यादीतून काढावेत'. सर्व्हरवाले म्हणतात, यादी आमची नाही, इन्व्हेंटरीवाल्यांची. इन्व्हेंटरीवाले म्हणतात, मालकाची मंजुरी लागेल. मालकाच्या रकान्यात ज्याचं नाव आहे त्याने कधीच कंपनी सोडलीय, आणि त्याच्या जागी आलेला लिहितो की हे सर्व्हर काय करतात हे कळल्याशिवाय तो मंजुरी देऊ शकत नाही. नसलेले सर्व्हर काय करतात, याचं उत्तर देण्यासाठी एक मीटिंग लागते. मीटिंग पुढच्या गुरुवारी, मग त्याच्या पुढच्या. तोवर दुसरा मंगळवार येतो आणि बाराचे चौदा झालेले असतात. नवे दोन कोण, हे विचारायचं तर आधी तिकीट काढावं लागतं, आणि तिकिटात 'सर्व्हरचा मालक' हा रकाना सक्तीचा आहे.